आरशाशिवाय उघडलेले डोळे

एक होता राजा. त्या मेल्याचं नावसुद्धा घेणार नाही मी. त्याच्या राज्यात रायबा नावाचा म्हातारा पाथरवट होता. रायबानं राजाची मूर्ती घडवली, अगदी हुबेहूब, वाकड्या नाकासकट. तर राजानं त्याला कोठडीत कोंडलं. खरं घडवलं म्हणून शिक्षा! आत्ताही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

रायबाला एक लेक होती, चिमा. राजा तिला म्हणाला, "मला देवासारखा घडव. साधलं, तर बाप सुटेल."

मग चिमानं माती मळली. मातीची मूर्ती थर देत देत वाढवायची असते, सावलीत वाळवायची असते. पण राजाला कुठला दम! ओलीच भट्टीत घालायला लावली. फटकन फुटली. चूक कुणाची? आणि घोंगडी काढून घेतली कुणाची? कोठडीतल्या रायबाची!

मग चिमानं वाळलेला सागाचा ओंडका मागितला. राजानं बागेतलं झाड पाडून ओलंच लाकूड दिलं. कोरलेली मूर्ती उभी चिरली. राजानं कोठडीची खिडकी चिणली. म्हणाला, "आता चुकलीस तर दारही चिणीन."

मग चिमा खाणीत गेली. एकेक दगड हातोडीनं वाजवला. बद्द वाजला तो टाकला, घंटेसारखा वाजला तो घेतला. दगडात भर घालता येत नाही बरं का, नुसतं काढायचं. टवका जास्त उडाला की संपलं. चिमा रडली नाही. दातओठ खाऊन छिन्नी चालवायची. सगळा संताप दगडात उतरला.

मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी कोरून उघडतात. चिमा म्हणाली, "महाराज, मूर्तीसमोर आरसा धरायची रीत आहे आमची. पहिली नजर फार कडक असते."

"माझ्याच नजरेला मी भिऊ? हो बाजूला!" राजा स्वतःच मूर्तीसमोर उभा राहिला.

"बरं," चिमा म्हणाली आणि तिनं शेवटचा घाव घातला.

मूर्तीनं राजाकडे पाहिलं मात्र, राजा उभाच्या उभा दगड झाला. बरं झालं!

मग शिपायांनी कोठडी उघडली आणि रायबाला मूर्तीपाशी आणलं. अंधारात राहून रायबाला नीट दिसेना. त्यानं हातोडी घेतली आणि दोन्ही दगड वाजवले. एक खणखणीत वाजला. "ही माझ्या लेकीच्या हातची," तो म्हणाला. दुसरा बद्द वाजला.

"आणि हा कुणी आणला गं, चिमे? असला दगड आपण खाणीतच टाकतो."

मग बापलेक घरी गेली, पोटभर जेवली आणि सुखानं राहिली. तुम्हीही मिटा आता डोळे. मी अजून रागात आहे, माझ्याकडे बघत बसू नका.