टपावर राहिलेला धाकू

खाडीच्या काठी माडांची बाग होती. बागेत एक बीळ होतं. बिळात राहायची एक चिचुंद्री. तिला सगळे म्हणायचे चिचूआई.

चिचूआईला तीन पोरं. थोरली, मधली आणि सगळ्यांत धाकटा धाकू. धाकू होता चिंचोक्याएवढा.

चिचुंद्र्या कशा चालतात, ठाऊक आहे?

आई पुढे. आईची शेपूट थोरलीच्या तोंडात. थोरलीची शेपूट मधलीच्या तोंडात. मधलीची शेपूट धाकूच्या तोंडात. मग सगळे निघतात. लुटुलुटु, लुटुलुटु.

"शेपूट सोडायची नाही हं," चिचूआई म्हणायची.

पोरं काही बोलायची नाहीत. तोंडात शेपूट असली की बोलणार कसं?

एके दिवशी सकाळी बागेत एक गाडी उभी होती. मोठी. काळी. माडाच्या बुंध्यासारखी जाड तिची चाकं. गाडीशेजारी दोन होड्या. लांब, हलक्या, पिवळ्या. त्यात एकट्यानेच बसायचं आणि वल्हं मारायचं. डुबुक डुबुक. त्या होड्यांना म्हणतात कायाक.

तांडेलकाका कायाक गाडीच्या टपावर चढवत होते. लांबच्या तळ्यावर न्यायच्या होत्या.

चिचूआई तिथूनच निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. मधली ठेचकाळली. धाकूच्या तोंडातली शेपूट सुटली.

धाकू घाबरला. समोर त्याला एक शेपूट दिसली. करडी. मऊ. त्याने ती घट्ट धरली.

ती मधलीची शेपूट नव्हती. ते होतं कायाकच्या पट्ट्याचं टोक.

काकांनी कायाक उचलली. कायाक गेली टपावर. पट्टा गेला टपावर. धाकू गेला टपावर.

काकांनी बक्कल लावलं. खट्. पट्टा ओढला. करकर. उरलेलं टोक कायाकमध्ये खोचून टाकलं.

चिचूआई बिळापाशी आली. तिने मागे बघितलं. थोरली होती. मधली होती. मधलीच्या मागे कोणी नव्हतं.

"धाकू कुठे?"

मधली म्हणाली, "मागे होता. आत्ता होता."

चिचूआई परत फिरली. लुटुलुटु, लुटुलुटु. मागे थोरली, मागे मधली. गाडीपाशी आली. वर बघितलं. कायाकमधून एवढंसं नाक दिसत होतं.

"धाकू."

धाकू बोलला नाही. त्याच्या तोंडात शेपूट होती.

चिचूआई चाकावर चढायला गेली. घसर्रर्र. पुन्हा गेली. घसर्रर्र.

मग ती पट्ट्याला म्हणाली,

"पट्ट्या पट्ट्या, सूट.
धाकू राहिला टपावर, गाडी निघेल भर्रर्र."

पट्टा म्हणाला, "मी नाही सुटत. बक्कल उघडलं, तर सुटेन."

चिचूआई बक्कलाखाली गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"बक्कला बक्कला, उघड.
पट्टा सुटेना,
धाकू राहिला टपावर, गाडी निघेल भर्रर्र."

बक्कल म्हणालं, "मी नाही उघडत. काकांनी दाबलं, तर उघडेन."

चिचूआई काकांकडे गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"काका काका, बक्कल दाबा.
बक्कल उघडेना,
पट्टा सुटेना,
धाकू राहिला टपावर, गाडी निघेल भर्रर्र."

काका म्हणाले, "मी नाही दाबत बाई. बांधलेलं सोडा, सोडलेलं बांधा, एवढा वेळ कुणाला आहे? ऊन चढायच्या आत निघायचंय. काकूने सांगितलं, तर दाबेन. तिचं ऐकावंच लागतं."

आणि काका गाडीची काच पुसू लागले. चुंई चुंई.

चिचूआई काकूकडे गेली. लुटुलुटु, लुटुलुटु. काकू अंगणातल्या चुलीपाशी बसली होती.

"काकू काकू, काकांना सांगा.
काका दाबेनात,
बक्कल उघडेना,
पट्टा सुटेना,
धाकू राहिला टपावर, गाडी निघेल भर्रर्र."

काकू म्हणाली, "मी नाही सांगत. डोळे चुरचुरतायत धुराने. चूल पेटली, तर सांगेन."

तिकडून काका म्हणाले, "चहा राहू दे गं. वाटेत घेईन."

"वाटेतला चहा म्हणजे गोड पाणी. थांबा गुमान," काकू म्हणाली.

पण काका थांबले नाहीत. गाडीचं दार उघडलं. काका आत बसले. दार लागलं. धाड.

चिचूआई चुलीपुढे गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"चूलबाई चूलबाई, पेट.
काकू सांगेना,
काका दाबेनात,
बक्कल उघडेना,
पट्टा सुटेना,
धाकू राहिला टपावर, गाडी निघेल भर्रर्र."

चूल म्हणाली, "मी नाही पेटत. लाकडं ओली आहेत. नारळ सोलल्यावर उरतं ते सुकं सोडण आलं, तर पेटेन."

चिचूआई सोडणांच्या ढिगाकडे गेली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"सोडणा सोडणा, चल.
चूल पेटेना,
काकू सांगेना,
काका दाबेनात,
बक्कल उघडेना,
पट्टा सुटेना,
धाकू राहिला टपावर, गाडी निघेल भर्रर्र."

सोडण म्हणालं, "मी नाही येत. माझ्या डोक्यावर कोंबडी बसली आहे. ती उठली, तर येईन."

तिकडे गाडी सुरू झाली. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

चिचूआईने मान वर केली. ढिगावर कोंबडी बसली होती. पंख पसरून, डोळे मिटून.

"कोंबडीताई कोंबडीताई, ऊठ.
सोडण येईना,
चूल पेटेना,
काकू सांगेना,
काका दाबेनात,
बक्कल उघडेना,
पट्टा सुटेना,
धाकू राहिला टपावर, गाडी निघेल भर्रर्र."

कोंबडीने एक डोळा उघडला. "शी. केवढा वास येतो गं तुला."

"येतो. त्या वासावरच पोरं मला शोधतात."

कोंबडीने दुसरा डोळा उघडला. "मी नाही उठत. माझ्या पोटाखाली अंडी आहेत. मागच्या खेपेला मी उठले. अंडी गार पडली."

चिचूआईने टपाकडे बघितलं.

कोंबडीनेही बघितलं.

घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

मग कोंबडी हळूच म्हणाली, "अंड्यांना कोणी ऊब दिली, तर उठेन."

चिचूआईने मागे बघितलं. थोरली होती. मधली होती. दोघी पळून पळून गरम झाल्या होत्या.

चिचूआईने थोरलीच्या तोंडातून शेपूट सोडवली.

"वर जा," ती म्हणाली. "अंड्यांना बिलगून बसा. मी येते."

"लवकर ये," मधली म्हणाली.

थोरली ढिगात शिरली. मधली ढिगात शिरली. आता चिचूआईच्या मागे कोणीच नव्हतं.

थोरली एका बाजूने अंड्यांना बिलगली. मधली दुसऱ्या बाजूने. कोंबडीने वाकून बघितलं. ऊब आहे का, ते चोचीने बघितलं.

आणि कोंबडी उठली. कुक् कुक्.

कोंबडी उठली, सोडण सुटलं. गडगड, गडगड, थेट चुलीत.

सोडण आलं, चूल पेटली. भक्.

चूल पेटली, काकूने डोळे पुसले. "अहो," ती म्हणाली. "वर कुणाचं तरी पोर राहिलंय. उतरवा आधी."

काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "आत्ता?"

"आत्ता."

गाडी गप्प झाली. काका उतरले. चाकावर पाय ठेवून वर चढले.

काकांनी बक्कल दाबलं. खट्.

बक्कल उघडलं, पट्टा सुटला. सर्रर्र.

पट्टा खाली आला. पट्ट्याच्या टोकाला धाकू आला. मातीत पडला. टुप्.

धाकूचे डोळे गच्च मिटलेले. तोंडही गच्च मिटलेलं. तोंडात पट्टा.

चिचूआई त्याच्या अगदी जवळ गेली. धाकूचं नाक हललं. सुं सुं. पुन्हा हललं. सुं सुं.

धाकूने तोंड उघडलं. पट्टा खाली पडला.

"आई," धाकू म्हणाला, "ताई केवढी लांब झाली होती. आणि हाकच मारत नव्हती."

"ती ताई नव्हती, बाळा."

"मग कोण होतं?"

"नंतर सांगते," चिचूआई म्हणाली. तिने धाकूला चाटलं. आधी कान, मग नाक, मग कान पुन्हा.

काकूने कपात चहा ओतला. काका अंगणात बसून प्यायले. फुर्र फुर्र. मग त्यांनी पट्टा पुन्हा बांधला. आधी टोक नीट झटकून बघितलं. कायाकमध्ये डोकावून बघितलं. चाकांमागेही बघितलं.

गाडी निघाली. भर्रर्र. दोन पिवळ्या कायाक माडांखालून गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

चिचूआई कोंबडीकडे गेली. कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिच्या एका पंखाखालून थोरली बाहेर आली. दुसऱ्या पंखाखालून मधली बाहेर आली.

"अंडी गरम आहेत," कोंबडी म्हणाली. डोळे मिटून.

सगळे रांगेत उभे राहिले. थोरली आईची शेपूट धरायला पुढे आली.

"थांब," चिचूआई म्हणाली. "इथे आज धाकू."

"ती माझी जागा आहे," थोरली म्हणाली.

"हो, तुझीच. आज त्याला दे."

थोरली जरा सरकली. मधली जरा सरकली. धाकू आईच्या मागे आला. त्याने तोंड उघडलं आणि आईची शेपूट धरली.

शेपटीला जरासा ओढा लागला. चिंचोक्याएवढा.

चिचूआई चालू लागली.

लुटुलुटु, लुटुलुटु.