दुल्सिननं घडवलेलं बाळ

एकदा काय झालं, समुद्राकाठी एक गाव होतं. नाताळला तिथल्या देवळात गोठा मांडायचे. गोठ्यातलं मातीचं येशूबाळ कुणी घडवायचं? त्या वर्षी ज्या घरात दुःख झालं, त्या घरच्या बाईनं. जुनी रीत, बरं का. का, ते आत्ता विचारू नका. ए मार्कू, पांघरूण ओढू नकोस.

त्या वर्षी पाळी आली दुल्सिनची. तिच्या नवऱ्याची, इनासची होडी परत आली, इनास काही आला नाही. तेव्हापासून बाई हसायचंच विसरली. शेजारणीनं हाक मारली तरी दाराला कडी.

मग तिनं माती मळली, इवलं बाळ केलं. ओठांवर हसू कोरलं, उन्हात ठेवलं. बघते तर काय, बाळाचा चेहरा रडवेला!

"माझाच हात चुकला," ती म्हणाली. मग दुसरं बाळ केलं. या खेपेला उपास धरला, गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना केली. बाळ पुन्हा रडवेलं.

नाताळचा आदला दिवस उजाडला. तिनं तिसरं बाळ केलं. दुपारी वाळलं, तर तेच. आता मात्र तिला रागच आला. येतो बाबांनो, देवाचाही राग येतो माणसाला.

"मलाच हसू नाही, तुला कुठून आणून देऊ?" असं म्हणत तिनं बाळ आपटायला उचललं. तोच हातावर टपकन पाणी पडलं. कोमट. माती तर कोरडी ठणठणीत! बाळाच्या डोळ्यांतून आलं होतं ते.

दुल्सिन घाबरली. हळूच म्हणाली, "का रे रडतोस?"

बाळ म्हणालं, "तू रडतेस म्हणून. तुला एकटीला कसं रडू देऊ?"

मग दुल्सिननं त्याला उराशी धरलं आणि हंबरडा फोडला. इतके दिवस आपण देवाला हसवायला बघत होतो, आणि हा आपल्याजवळ बसून रडत होता! रडता रडता तिला हसू फुटलं. इनासचं दुःख होतंच, पण आनंदही खरा होता. खाली बघते, तर बाळही हसत होतं.

पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्या घरी गेली. दुल्सिन त्या घरी जाऊन त्या बाईजवळ नुसती बसून राहिली. मग ते गाव सुखानं नांदलं.

चला, वळा कुशीवर. झोपेत कुणाला रडू आलं, तर तो जवळच आहे. आणि मीही आहे.