भिंतीची व्याख्या

घाटात पहिला रस्ता कोरला गेला, त्या काळची ही गोष्ट. डोंगराची माती रस्त्यावर येऊ नये म्हणून गवंड्यांनी एक दगडी भिंत बांधली आणि मागचे पाणी निघून जावे म्हणून तिच्या पायथ्याशी भोकांची रांग ठेवली. भिंतीला त्या भोकांची लाज वाटे.

घरट्यासाठी जागा शोधणाऱ्या कुंभारीण माशीला ती म्हणाली, "ही भोके तुझ्या चिखलाने बुजव. अडवते ती भिंत. या व्याख्येत भोक बसत नाही."

"गवंड्यांनी ती उगाच का ठेवली असतील, बाई?"

"गवंडी दगड रचतात. मी कोण, ते मी ठरवीन. तू निश्चिंत राहा, माझ्यातून काही वाहून जाणार नाही."

माशीने विश्वास ठेवला. प्रत्येक भोकात अंडे घालून तिने ते चिखलाने लिंपले.

थोड्याच दिवसांत मोठा पाऊस झाला. भिंतीमागे पाणी साचत गेले, त्याचा रेटा वाढला आणि भिंतीचे पोट पुढे आले.

"भोके उघड!" ती ओरडली.

"आत माझी अंडी आहेत," माशी म्हणाली.

दोघींचा निर्णय होण्यापूर्वीच पाण्याने सर्वांत कच्चे होते ते फोडले. चिखल निखळला, पाणी धावत बाहेर पडले आणि भिंत वाचली.

ऊन पडल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "माझी व्याख्या अपुरी होती. पाण्याला वाट देऊन मातीला अडवते, ती भिंत. मी दुरुस्ती केली आहे."

"दुरुस्ती अचूक आहे, बाई," रिकाम्या भोकापाशी बसलेली माशी म्हणाली. "माझ्या अंड्यांनाही समजावून सांग."