लव्हाळ्यांचे उद्यान

पूर्वी कदंबवती नगरीवर उदयभद्र राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तिथल्या स्थपतीच्या, म्हणजे नगर आखणाऱ्याच्या, घराण्यात जन्मला होता. त्याचे नाव विशोक.

नगरी देखणी, पण उन्हाळ्यात तव्यासारखी तापे. म्हाताऱ्यांना टेकायला सावली नव्हती, पोरांना खेळायला हिरवळ नव्हती. म्हणून राजाने ठरवले, की नदीकाठच्या पाणथळीवर लोकांसाठी उद्यान करायचे. आज मनात आलेले कालच व्हायला हवे होते, अशी त्याची तऱ्हा. विशोकाला बोलावून तो म्हणाला, "राजवाड्यापासून नदीपर्यंत वाट सरळ हवी. मधे दगडी तळं हवं. वसंतोत्सवाला मी त्या वाटेनं चालणार. नाही जमलं, तर मापाची दोरी खाली ठेवायची."

दोरी खाली ठेवणे म्हणजे स्थपतीपद जाणे. विशोकाने मान लववली आणि तो पाणथळीवर गेला.

त्या नगरीत एक रीत होती. कामाला हात घालण्यापूर्वी जागेवर धान्य उधळायचे आणि म्हणायचे, 'इथल्या रहिवाशांनो, हा घास घ्या आणि दुसरीकडे जा.' मग उत्तरासाठी थांबायचे. हे थांबणे तेवढे लोक विसरले होते. शब्द संपायच्या आत कुदळी पडू लागत. विशोक मात्र त्या दिवशी धान्य उधळून थांबला.

भर दुपार होती. करंजाच्या सावलीत त्याचा डोळा लागला की लागलाच नाही, हे त्याचे त्यालाही कळले नाही. पाण्यावरचा उजेड खोडावर हलत होता, लव्हाळी कुजबुजत होती आणि सगळी पाणथळ झोपेत श्वास घेत होती. इतक्यात लव्हाळ्यांतून एक पाणमांजरी वर आली. तोंडात धरलेले पिल्लू तिने अलगद खाली ठेवले.

"घास घेतला, बाबा," ती म्हणाली. "आता दुसरीकडे म्हणजे कुठं, तेवढं सांग. याचे डोळे अजून उघडले नाहीत. फार लांबचं सांगू नकोस."

विशोकाने वर पाहिले, खाली पाहिले. वरच्या अंगाला घाट, खालच्या अंगाला कुंभारवाडा, पलीकडे नांगरलेली शेते. सांगण्याजोगी जागा काही सापडेना. पाणमांजरीने बराच वेळ वाट पाहिली, मग पिल्लू उचलून ती परत लव्हाळ्यांत शिरली.

दुसऱ्या दिवशी त्याने दोरी धरली ती पाणथळीला वळसा घालून. गावाच्या अंगाला आंब्या-जांभळांच्या सावलीत ओटे आले, झोपाळे आले, दगडी तळ्यात पाय सोडायला पायऱ्या आल्या. पलीकडची लव्हाळी त्याने होती तशी राहू दिली. तिकडे ना वाट, ना दिवा. नदीकडे भिंत घातली, तिला मात्र खाली एक मोरी ठेवली, पाणमांजराला अंग चोरून जाता येईल एवढी. कामकरी आपसांत हसले, "म्हातारा दोरी धरायला विसरला वाटतं!"

वसंतोत्सव आला. वाटेचे वळण पाहताच राजाच्या कपाळाची शीर उठली. "विशोका, मी वाट सरळ सांगितली होती!"

विशोकाने कमरेची दोरी सोडून राजाच्या पायांशी ठेवली. "महाराज, ती अजूनही सरळ होईल. फक्त रीत आपण पुरी करा. धान्य टाका, जा म्हणा, आणि कुठं जायचं ते सांगा. मला सांगता आलं नाही."

राजा मूठभर धान्य घेऊन तावातावाने लव्हाळ्यांपाशी गेला. "इथल्या रहिवाशांनो, हा घास घ्या आणि..."

पाण्यातून एक ओले डोके वर आले. मागोमाग दुसरे, इवलेसे, आता डोळे उघडलेले. मायलेकरे त्याच्याकडे पाहत राहिली. पायऱ्यांवर पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्याही वळून पाहू लागल्या. राजाने नदीकडे पाहिले, नगरीकडे पाहिले. त्याला फार लाज वाटली.

"...आणि इथंच राहा," तो म्हणाला.

मग दोरी उचलून त्याने विशोकाच्या हातात दिली, आणि त्या वळणाच्या वाटेने तो, जन्मात कधी नव्हे तो, सावकाश चालत गेला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती विहारामागची झुडपे तोडून फेरी घालायची वाट सरळ करायला निघालेल्या भिक्षूंना. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे कोयता घेऊन उभा असलेला हा उत्तिय. पाणमांजरी म्हणजे दाराशी बसलेली भिक्षुणी सुलसा. आणि विशोक स्थपती मीच होतो. ज्याला जा म्हणायचं, त्याच्या उत्तरासाठी थांबणं, हीच मैत्री."

उत्तियाने कोयता खाली ठेवला. झुडपांत काहीतरी सळसळले, आणि सगळे थांबले.