ठकूच्या चुलीचा जाळ

भाविकहो, अलखगीर महाराज निंबधरणला राहायला होते, त्या दिवसांतली ही हकिगत. गावाबाहेर चिंचेखाली त्यांची धुनी असे आणि तिथली झाडलोट ठकू परटीण करी. हैबतराव पाटील तिला पाहून हसायचे. "ठके, गावाची धुणी पुरेनात, म्हणून गोसाव्याची धुनी धरलीस होय?" ठकू मान खाली घालून केर काढी.

त्या वर्षी गावात पटकी शिरली. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस दुपारी गार पडे. तेव्हा घरोघर काड्यापेट्या नव्हत्या. चूल विझली की शेजारणीकडून विस्तव मागून आणायचा, असा रिवाज. पाटलांनी तोच मोडला. रोग विस्तवाबरोबर येतो, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. कोणी कोणाला विस्तव द्यायचा नाही, दार उघडायचं नाही, अशी दवंडी फिरली. भ्यालेल्या गावाला तेवढंच हवं होतं. दारोदारी बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी ठकूचा नवरा मलू आजारी पडला. शेक द्यायला तिनं चुलीत विटा घातल्या. जाळ चांगला ढणाणत होता, पण विटा गारच. आधणात बोट घातलं, तर पाणी नुकतंच विहिरीतून काढल्यासारखं. शेवटी तिनं भीत भीत जाळात हात धरला. हात भाजला नाही.

भरदुपारी ती धुनीकडे धावली. दारांच्या फटींतून घरोघरचा जाळ दिसत होता, पण शिजल्याचा वास कुठूनच येत नव्हता. ही बाधा आपल्याच चुलीला झाली असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि विचारायचं तरी कोणाला?

महाराज कोपरापर्यंत हात धुनीत घालून बसले होते.

"महाराज, जाळ हाय, पर ऊब न्हाई. धनी गार पडाय लागल्यात."

"हिच्यातही नाही, बाई," महाराज म्हणाले. "आपल्यापुरता कोंडलेला विस्तव हा. यातले निखारे दुसऱ्याच्या चुलीत घाल आणि त्यांना पुढं न्यायला सांग. तुझी चूल मात्र तू पेटवायची नाहीस. ती दुसऱ्यानं पेटवली तरच ऊब येईल."

ठकूचा जीव कळवळला. नवरा मरणाच्या दारात, आणि आपण लोकांच्या चुली पेटवत हिंडायचं. तरी तिनं लालभडक निखारे ओंजळीत उचलले. ते नदीतल्या गोट्यांसारखे थंड होते.

शेजारच्या सरू कोष्टिणीनं काट्या सरकवल्या. निखारे तिच्या चुलीत पडले आणि आधण खदखदायला लागलं. सरू रडत रडत खापरात विस्तव घेऊन पुढच्या घरी गेली; ठकूच्या घरचं आजारपण बंद दारांमुळे तिला ठाऊकच नव्हतं. पाटलांच्या दारी जायला मात्र कोणी धजेना. तिथे ओंजळीतले उरलेले निखारे घेऊन ठकू गेली.

पाटलीणबाई निपचित पडल्या होत्या. पाटील स्वतः चुलीत फुंकर घालत होते. डोळे लाल, हात काळे.

"परटिणीचा विस्तव? माझ्या चुलीत?"

"चुलीला इचारा मालक, तिला चालतोय का."

पाटलांनी तिच्या उघड्या ओंजळीतले निखारे पाहिले आणि ते बाजूला झाले. घटकाभरात विटा तापल्या. शेकानं पाटलीणबाईंनी डोळे उघडले.

"तुझ्या घरी कोण आहे?" पाटलांनी हळूच विचारलं.

"धनी. सकाळपास्नं गार पडत चालल्यात."

"मग इथं काय करतेस?"

"माझी चूल मी पेटवायची न्हाई, आसं म्हाराजांचं सांगनं हाय. दुसरं कुनी येईस्तवर..."

पाटलांनी खापर भरून घेतलं आणि ते अनवाणी निघाले. लोक दारात येऊन बघत राहिले. परटाच्या खोपटात त्यांनी चुलीपुढं गुडघे टेकले, जमिनीला गाल लावून फुंकर घातली. खोपटात ऊब पसरली तशा ठकूनं विटा जाळाशी सरकवल्या.

दारात महाराज उभे होते. पाटील वळून त्यांच्या पाया पडू लागले.

"मला नको," महाराज म्हणाले. "वीट तापली, ती बघा."

पाटलांनी डोक्यावरचं पागोटं उतरवून त्यात वीट गुंडाळली. मग ते मलू परटाच्या पायांशी बसले आणि मान वाकवून त्याच्या तळव्यांना शेक देऊ लागले.