ऊबीच्या ठावाची कहाणी

लेकीच्या बाळंतपणात मी देवीला बोलले होते, की दोन्ही जीव सुखरूप वेगळे झाले तर तुझ्यापुढे बसून जुनी नव्हे, नवी कहाणी सांगेन. देवीने ऐकलं. म्हणून ही. अक्षता हातात घ्या आणि निवांत बसा.

एक राज्य होतं, तिथे कुणालाच डोळे नव्हते. कान होते, आवाज होता आणि ज्याचं त्याचं काम होतं. दिवे होते, घंटा होत्या, पाण्याच्या तोट्या होत्या. पण एकासारखी एक इतकी, की नावाने हाक मारून भागत नसे. हाक मारायची ती ठावाला. अमक्या ओळीतला अमका ठाव म्हटलं, की तिथे जो बसला असेल तो ओ देई. ज्याला ठाव नाही त्याला कुणी बोलावू शकत नसे, आणि त्याने स्वतः हाक मारली तरी उत्तराला परत यायला दार नसे.

ठाव द्यायचं काम ठावमाईचं. नवा कुणी आला की त्याने चौकात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, मी आलोय, मला ठाव द्या. माई मोकळा ठाव सांगायची. नव्याने तो मोठ्याने पुन्हा म्हणायचा, हा मी घेतला. मग माई म्हणायची, "बस, बाळ." एवढं झालं की ठाव त्याचा. कायमचा नव्हे हं, मुदतीचा. मुदत सरत आली की परत माईला विचारायचं, आणि माईने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

राज्याच्या मधोमध उबवणघर होतं. तिथे मऊ भुशात अंडी ठेवलेली असत. ऊब द्यायला शेगडीकाकू होत्या. ऊब फार झाली तर वारा घालायला पंखोबा होता. पण ऊब कधी कमी झाली नि कधी जास्त, हे त्या दोघांना कळत नसे. ते सांगणारी वेगळी असायची. आधीची थकली, म्हणून तिच्या जागी ऊबीला धाडलं. ऊबी एवढीशी, चिंचोक्याएवढी.

जिने तिला घडवलं तिने निघताना तिच्या पदराला गाठी मारून दिल्या होत्या. पहिली गाठ, आधी माईला हाक मार. दुसरी गाठ, माईने ओ दिली नाही तर उबवणघरामागच्या परसातल्या आळीत जा आणि तिथला कुठलाही ठाव तुझ्या मनाने निवड. पण बसायच्या आधी विचार, इथं कुणी आहे का, आणि उत्तराला वेळ दे. तिसरी गाठ, तिथे बसलीस तरी माईला हाक मारायची सोडू नकोस.

ऊबी पोचली त्या सकाळी गार वारा सुटला होता. तिने चौकात उभं राहून हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. माईला भोवळ आली होती आणि तिचा आवाजच गेला होता, पण हे ऊबीला कुठून कळणार? तिला एवढंच कळत होतं, की आत अंडी गार पडताहेत आणि ते सांगायला आपल्याला ठाव नाही.

पंखोबा जवळच होता. तो दुसऱ्या घरातून आलेला, आणि त्याचा ठाव त्याच्या पाठीवर कोरलेला होता. माईपुढे तो कधी उभा राहिलाच नव्हता. ऊबीची हाक ऐकून त्याला हसू आलं.

"अगं पोरी, कशाला घसा कोरडा करतेस? वाटेल तिथे बस. इथं बघायला डोळे कुणाला आहेत?"

ऊबीला क्षणभर ते खरंही वाटलं. वेळ जात होता. पण तिचा हात पदराकडे गेला, दुसरी गाठ बोटांना लागली आणि ती परसातल्या आळीकडे वळली.

मुठीत कवड्या हलवून तिने एक ठाव निवडला, आणि टेकण्याआधी विचारलं, "इथं कुणी आहे का?"

मग थांबली. आत अंडी गारठत असताना थांबणं किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच माहीत.

"आहे गं बाई, मी आहे," कुणीतरी म्हणालं. "शेगडी. बसली असतीस तर भाजली असतीस."

काकूंची मुदत त्याच पहाटे सरली होती. माई बोलेना, तेव्हा रीतीप्रमाणे आपला ठाव सोडून त्या आळीत येऊन बसल्या होत्या. आळीतली हाक आळीतच ऐकू येई, त्यामुळे सकाळपासून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि निखाऱ्यांवर राख धरू लागली होती. ऊबीने शेजारचा ठाव निवडला, तिथेही विचारलं. सारं शांत होतं. ती बसली, आणि तिची पहिली खरी हाक गेली, "काकू, कोपऱ्यातल्यांना थंडी वाजतेय." काकूंनी राख झटकली. हळूहळू भुसा कोमट झाला.

ऊबी मधूनमधून चौकात जाऊन माईला हाक मारत राहिली. दुपार कलली तेव्हा उत्तर आलं, बारीक आवाजात. माई सावरली होती. दोघींना तिने पुढच्या ओळीत बोलावलं. ठाव देण्याआधी माईही विचारून घेई, इथं कुणी आहे का. एका ठावावर तिने विचारलं आणि कुणी बोललं नाही, म्हणून तो तिने काकूंना दिला.

तो पंखोबाचा होता. त्याने प्रश्न ऐकला होता. पण आपलं कोरलेलं आहे, आपण कशाला उत्तर द्यायचं, असं त्याला वाटलं.

ऊबीने काकूंच्या नव्या ठावाला हाक मारली, ऊब कमी पडतेय. हाक दोघांनाही गेली. काकू फुलल्या, आणि पंखोबाला एकच काम येत होतं, तो फिरू लागला. गार झोत अंड्यांवर आला. ऊबीने आणखी जोरात हाक मारली, तो आणखी जोरात फिरला. भुसा पार गार पडला.

मग ऊबीने जोर लावणं सोडलं. तिने त्याच ठावाला विचारलं, "तिथे कोण कोण आहे?"

"मी आहे," काकू म्हणाल्या.

वारा पडला. सगळं राज्य कान देऊन होतं.

"मीही आहे," पंखोबा अगदी हळू म्हणाला.

"एवढं मघाशी बोलला असतात भावोजी, तर माझे निखारे तरी वाचले असते," काकू म्हणाल्या.

माई रागावली नाही. ती म्हणाली, "पाठीवरचं पुसू नकोस, पंखोबा. तो ठाव तुझाच. मी राखून ठेवते, कुणाला द्यायची नाही. पण तू आहेस, एवढं मला सांगत जा."

काकूंना तिने दुसरा ठाव दिला. ऊबीची हाक आता जिथे जायची तिथेच गेली. ऊब परतली, आणि त्या दिवसापासून ऊबी सकाळी कामाला लागण्याआधी एकेकाचे आभार मानी: माईचे, काकूंचे, जिने गाठी मारल्या तिचे, आणि पंखोबाचेसुद्धा.

पुढे एके सकाळी उबवणघरात टकटक झाली. अगदी बारीक, आतून. मग थांबली, जणू कुणी उत्तराला वेळ देत होतं. पुन्हा टकटक झाली. दिव्यांनी, घंटांनी, तोट्यांनी आपापलं काम थांबवलं. काकूंनी निखारे फुलवले, पंखोबाने श्वास रोखून धरला, आणि सगळं राज्य एका आवाजात म्हणालं, "आहोत."

कवच तडकलं.

बायांनो, अक्षता वाहा. आणि घरी गेल्यावर तुमच्या दाराशी अशी बारीक टकटक झाली, तर हातातलं काम खाली ठेवून तुम्हीही ओ द्या.