दर्भाचा कावळा

पूर्वी गोदावरीकाठच्या एका नगरात एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व कावळ्याच्या कुळात जन्मला. घाटावरच्या पिंपळावर त्याचे घरटे होते. त्याने चोच लावल्यावाचून दुसरा कोणताही कावळा अन्नाला शिवत नसे.

भद्रसार नावाचा म्हातारा व्यापारी रोज तिथे येऊन त्याला भात घाली. घालता घालता त्याचे डोळे भरत. "काकराजा, माझ्या लेकीनं, वासुलेनं, नावाड्याशी लग्न केलं, म्हणून तिच्या भावानं तिला घराचं दार बंद केलं. मी बापासारखा बाप, पण बोललो नाही रे. भ्यालो."

पुढे भद्रसार वारला. दहाव्या दिवशी मुलगा नंदिक घाटावर पिंड मांडून बसला. वासुलाही आली होती. तिला भावाने खाली पाण्यापाशीच थांबवले. मेलेल्याची इच्छा अडली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, ती ओळखून शब्द द्यावा लागतो, अशी तिथल्या लोकांची समजूत. म्हातारा मेल्यावर पुन्हा कुठे जन्मला हे बोधिसत्त्वाला ठाऊक नव्हते. जो तो आपल्या कर्माप्रमाणे जातो. मागे राहिलेली लेक मात्र समोर उभी होती. तो फांदीवरून हलला नाही.

"बाबा, गावजेवण घालीन!" नंदिक म्हणाला. कावळा ढिम्म.

"शिंगं सोन्यानं मढवून गाय दान देईन!" तरी ढिम्म.

"अहो, पोरं सकाळपासून उपाशी आहेत," कावळी करवादली. "माणसांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?"

"भूक उद्याही भागेल, बाई. ते दार आज उघडलं नाही, तर पुन्हा उघडायचं नाही."

ऊन चढले. उपाध्यायांनी गवताच्या काड्या वळून नंदिकाच्या हातात दिल्या. "हा दर्भाचा कावळा. हाच पिंडाला लाव. शास्त्राला चालतं." नंदिकाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बोधिसत्त्व झेपावला आणि पिंडावरून पुढे जाऊन वासुलेपुढच्या ओल्या पायरीवर बसला. मागोमाग सगळे कावळे तिथेच उतरले.

वासुलेने हात जोडले. "शिव रे राजा पिंडाला. माझ्यापायी बाबांना अडकवू नकोस. मला काही नको."

नंदिकाने ते ऐकले. दर्भाचा कावळा शास्त्राला चालला असता, पण त्याच्याच्याने तो पुढे करवेना. त्याला रडू फुटले. "ताई, वर ये. पिंडाला तुझाही हात लाव. आणि आज घरी चल, भावोजींनाही घेऊन."

मग बोधिसत्त्वाने पिंडाला चोच लावली.

"सुटले गं बाई!" म्हणत कावळीने पोरांसाठी घास उचलला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, तेव्हा भिक्षू पिंगल दाराकडे पाठ करून बसला होता. आजारी आईचा निरोप सांगायला त्याची बहीण दाराशी आली होती, आणि आपण विरक्त आहोत म्हणून तो तिच्याशी बोलत नव्हता.

शास्ते म्हणाले, "तेव्हाची वासुला म्हणजे दाराशी उभी आहे ती. नंदिक तू. तो कावळा मी होतो. पिंगला, तुझी विरक्ती खरी असती, तर तिच्याकडे पाठ करावी लागली नसती. ही दर्भाची आहे."

पिंगल उठला आणि दाराकडे गेला.

भूक सोसून दुसऱ्याचे मन वळेपर्यंत थांबणे, ही बोधिसत्त्वाची क्षांती.